आठवी मूठ

सांगतो, पण तुम्ही विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. सत्तावीस वर्षं मी धुळे–पिंपळनेर एसटी चालवली, तेव्हापासून मला त्याची सवय आहे. सामोड्याच्या पुढे एकदा माझ्या गाडीत बिबट्या चढला, मागच्या बाकावर बसला आणि साक्रीला उतरला. लहान होता म्हणून कंडक्टरनं त्याला अर्धं तिकीट दिलं. हेही कोणी मानत नाही. भुसावळच्या एका मे महिन्यात मी बोनेटवर भाकरी भाजून अख्ख्या गाडीला जेवू घातलं. तेही नाही.

पण ही गोष्ट वेगळी. ह्या उजव्या हातानं, एका मुठीत, मी अख्खी भाऊबंदकी फसवली आणि माझ्या सुनेचं ऑपरेशन करवून घेतलं. बायकोला अजून पत्ता नाही.

आमचं गाव धुळ्यापासून पाऊण तासावर. घरात मी, लोटन. माझी बायको प्रमिला. मुलगा नवल, त्याचं धुळ्यात ठिबकच्या नळ्यांचं दुकान. आणि सून दिपमाला. दिपमाला भुसावळची, रेल्वे कॉलनीतली. धुळ्याच्या शाळेत गणित शिकवते. रोज सकाळी साडेसहाच्या गाडीनं जाते. गाडी वेळेवर आली तर मी ड्रायव्हरचं कौतुक करतो, उशिरा आली तर आमच्या काळच्या गोष्टी सांगतो.

आता ड्रायव्हर माणसाला एक खोड असते. कुठली गाडी किती दिवसांनी वर्कशॉपला लागते, हे त्याच्या डोक्यात आपोआप बसतं. दिपमाला लग्न होऊन आली त्या वर्षीच माझ्या लक्षात आलं की ही पोरगी दर सव्वीस दिवसांनी बंद पडते. दोन दिवस, कधी तीन. साडेसहाची गाडी चुकते. पोटाशी गरम पाण्याची पिशवी, ओठ पांढरे, कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन पडलेली. विचारलं तर म्हणायची, "काही नाही आबा. बायकांचं असतं ते."

मी प्रमिलाला विचारलं. ती म्हणाली, "बायकांचं शे ते. तुम्ही नका नाक खुपसू."

मी नाक काढून घेतलं. सहा वर्षं काढून घेतलं, हे मात्र खरं आहे आणि सांगायला लाज वाटते.

सहा वर्षांत मूलही नाही. मग काय, प्रमिला आणि माझी मोठी वहिनी, म्हणजे वारलेल्या थोरल्या भावाची बायको बेबाबाई, दोघींनी मिळून पोरीला कुठे कुठे फिरवलं. अमुक ठिकाणचा अंगारा, तमुक ठिकाणचा काढा. एका बाबानं सांगितलं, उंबराखाली अकरा गुरुवार बस. बसली बिचारी. गणिताच्या वह्या घेऊन बसायची, तपासून संपवायची. बाबाला काही फरक पडला नाही, मुलांचे पेपर मात्र वेळेवर मिळाले.

तिसऱ्या वर्षापासून बेबावहिनीनं दिपमालाला ओटी भरायला बोलावणं बंद केलं. बोलून नाही दाखवलं. भाऊ गेला तरी मानाचं हळदी-कुंकवाचं ताट वहिनीच्याच हातात; ते घेऊन दिपमालासमोरून पुढे जायची, बस.

मग एक दिवस सकाळी दिपमाला न्हाणीतून बाहेरच येईना. प्रमिला आत गेली. मी अंगणात होतो. बऱ्याच वेळानं प्रमिला तिला धरून बाहेर आली. एरवी प्रमिलाचं तोंड दोन मिनिटं बंद राहत नाही, त्या दिवशी एक शब्द नाही. त्या दिवशी ती जेवलीही नाही. मला वाटलं, असेल कसला तरी उपास.

त्याच आठवड्यात दिपमालानं नवलला सांगितलं, "माझ्या शाळेतल्या एका बाईंना हेच होतं. जळगावला डॉक्टर आहेत. मी रजा टाकली आहे. तुम्ही येणार असाल तर या, नाहीतर मी एकटी जाते."

नवल गेला. त्यांच्यामागे मीही गेलो. पारोळ्याला चहा कुठला चांगला, हे दाखवायला कोणीतरी हवं ना.

जळगावच्या डॉक्टरीणबाई वयानं दिपमालापेक्षा फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी सगळं विचारलं. पाळी कधी सुरू झाली, दुखणं कधीपासून, बसताना दुखतं का, संडासला दुखतं का. मी उठून बाहेर जायला लागलो तर दिपमालाच म्हणाली, "बसा आबा. आता लपवून काय करायचं?" मग सोनोग्राफी झाली. मग त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. गर्भाशयाला आतून एक अस्तर असतं. ते दर महिन्याला सुटतं आणि रक्तातून वाहून जातं. हिच्या पोटात तसलंच अस्तर गर्भाशयाच्या बाहेरही उगवलंय. दर महिन्याला तेही सुजतं, रक्त सोडतं, पण त्या रक्ताला बाहेर जायला वाट नाही. मग आतल्या आत गाठ धरते, एक अवयव दुसऱ्याला चिकटतो. डाव्या बाजूला लिंबापेक्षा मोठी गाठ आहे. एंडोमेट्रिओसिस म्हणतात त्याला.

नवलनं तीनदा म्हणून पाहिलं. मला पहिल्याच झटक्यात आलं.

मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "म्हणजे सायलेन्सर जाम झालाय."

त्या म्हणाल्या, "आजोबा, तसं म्हणा हवं तर." त्या पुढे असंही म्हणाल्या की लोटनराव, तुम्ही डॉक्टर व्हायला हवं होतं. हे नवलला आठवत नाही. त्याची स्मरणशक्ती आईवर गेली आहे.

दिपमाला मात्र रडायला लागली. नवल घाबरला. म्हणाला, "अगं, उपाय आहे म्हणतात ना त्या!"

"त्यासाठी नाही," ती म्हणाली. "तेराव्या वर्षापासून दुखतंय. एक डॉक्टर म्हणाले लग्न झालं की थांबेल. दुसरे म्हणाले मूल झालं की थांबेल. घरचे म्हणायचे नाटक करते. मलाही वाटायला लागलं होतं की मी नाटकच करते. अठरा वर्षांनी त्याला नाव मिळालं."

डॉक्टरीणबाईंनी तिला रडू दिलं. मग स्पष्ट सांगितलं. दुर्बिणीनं ऑपरेशन करायचं, गाठ काढायची, चिकटलेलं सोडवायचं. दुखणं बरंच कमी होईल, पण ते पुन्हा उगवू शकतं. मूल होईलच असं लिहून देत नाही, पण शक्यता वाढेल. रक्त तपासलंय, अंड्यांचा साठा वयाच्या मानानं कमी आहे, तेव्हा वेळ घालवू नका. दुर्बिणीचे सर्जन बाहेरगावाहून येतात. त्यांची श्रावणातल्या एका गुरुवारची तारीख आहे. ती गेली तर मग दिवाळीनंतर.

दिपमाला म्हणाली, "श्रावणातली द्या."

घरी येऊन पंचांग पाहिलं. तो गुरुवार कानबाईनंतरचा होता.

आता बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, साडीचोळी. सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. तिच्या नैवेद्याचे जे रोट करतात, त्याचे गहू आदल्या दिवशी मोजून घेतात. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ. बायकांच्या नावाची मूठ नसते. मूठ घरातला वडीलधारा टाकतो, म्हणजे आमच्यात मी. रोट भाऊबंदांशिवाय कोणाच्या तोंडी जायचे नाहीत, उष्टे टाकायचे नाहीत, आणि आमच्या घराण्याचा आणखी एक नियम म्हणजे रोट घरात आहेत तोवर घरातल्या कोणाच्या अंगाला पातं लावायचं नाही. दाढी नाही, नखं नाहीत. आणि रोट पुरवून पुरवून पौर्णिमेपर्यंत खायचे.

पौर्णिमा गुरुवारच्या पलीकडे होती.

प्रमिला म्हणाली, "रोट घरात असताना पोटाला सुरी? आजवर झालं नाही. दिवाळीनंतर करा."

दिपमाला शांतपणे म्हणाली, "आई, रोट मी टाळणार नाही. पण तारीखही सोडणार नाही."

"मग कानबाई माझ्या घरात बसणार नाही!"

बेबावहिनी शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "जे पोट भरायचं त्यालाच भोकं पाडून घेतात का कोणी? प्रमिला, तू हो म्हटलंस तर आमचे रोट वेगळे." म्हणजे भाऊबंदकी तोडायची धमकी. प्रमिला वहिनीच्या शब्दाबाहेर कधी गेली नाही. चाळीस वर्षांत एकदाही नाही. नवल दोघींच्या मध्ये उभा राहून भिंतीवरची पाल बघत होता.

बायको एका बाजूला, सून एका बाजूला. दोघी एका चुलीवर काम करायच्या, पण बोलणं मीठ दे, तवा उतर एवढंच. मी दोघींनाही बिबट्याची गोष्ट सांगून बघितली. कोणी हसलं नाही.

शनिवार उजाडला. ओसरीवर कोरं पांढरं कापड अंथरलं. सगळी भाऊबंदकी जमली. बेबावहिनी मोजणीला बसली, प्रमिला तिच्या शेजारी, दिपमाला खांबाला टेकून. पुरुष सात. मी, नवल, वहिनीचे तीन मुलगे आणि दोन नातू. मी गव्हाच्या पाटीत हात घातला. माझी मूठ बघा. सत्तावीस वर्षं स्टिअरिंग फिरवलेला हात आहे, एका मुठीत सहज पावशेर गहू मावतो. एकेक नाव घ्यायचं, मूठ सोडायची, वर चिमूट. सात नावं, सात ढीग.

आणि नेमकं तेव्हाच गोठ्यात म्हशीनं दावं तोडलं. ती थेट अंगणात! वीस हात उंच उडाली, तुळशीवरून गेली. सगळे दाराकडे धावले. मी सगळ्यांच्या पुढे. शिंगाला धरून तिला गोठ्यात नेऊन बांधली आणि परत येऊन बसलो.

बेबावहिनीनं बोट ठेवून मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"आठ," ती म्हणाली. "हाई आठवी कोना नावनी?"

कापडावर खरंच आठ ढीग. आठवा जरा बारका. आता आमच्यात कापडावर पडलेला दाणा परत पाटीत जात नाही. पडली मूठ ती देवीची.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणालो, "कानबाईनं मागून घेतली. आत्ता, माझ्या कानात बोलली. दिपमालाच्या पोटी जे येणार आहे त्याची ही मूठ. बारकी आहे, कारण तो बारका आहे. म्हणते, येणाऱ्याची वाट आत अडलेली आहे. आधी वाट मोकळी करा. माझे रोट पौर्णिमेपर्यंत ठेवू नका. बुधवारी संपवा, आणि गुरुवारी पोरीला न्या."

नवलचं तोंड उघडंच राहिलं. बेबावहिनीनं प्रमिलाकडे पाहिलं. प्रमिला मान खाली घालून पदराला तळहात पुसत बसली होती. बराच वेळ पुसत होती. मग म्हणाली, "वहिनी, देवी बोलली म्हणजे बोलली. बुधवारी संपवू."

पहिल्यांदाच ती वहिनीच्या पुढे बोलली. वहिनी तरी काय करणार? देवीशी भांडायला तिच्याकडे माणूस नव्हता.

मग जे खाणं झालं! आठ माणसांचे रोट, पुरण, खीर, गंगाफळाची भाजी, सगळं तीन दिवसांत. मी एकट्यानं एका बैठकीत तेवीस रोट खाल्ले. नवल मंगळवारी आडवा पडला. वहिनीचे नातू शाळेत जाईनात, कारण वाकता येईना. ज्याच्या नावाची मूठ, त्याच्या वाट्याचे रोट त्यालाच. मग आठव्याचे कोणी खायचे? प्रमिलानं ताट उचललं, दिपमालासमोर ठेवलं आणि म्हणाली, "हे तुझं." बरोबरच होतं. बाळाचा वाटा आईच खाणार. दिपमालानं ताटाकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं आणि शेवटच्या कणापर्यंत खाल्लं. बुधवारी संध्याकाळी शेवटचा रोट माझ्या घशाखाली उतरला. गुरुवारी सकाळी आम्ही जळगावात.

अडीच तास लागले. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, आत फार चिकटलेलं होतं, सोडवलंय. हिनं एवढी वर्षं उभं राहून शिकवलं कसं?

ह्याला आता दोन वर्षं होतील. इथं मला मोठी थाप मारता आली असती. जुळं झालं, एक तबला वाजवतं, असं काहीतरी. पण ह्या एका बाबतीत थाप मारायची नाही, असं दिपमालानं मला बजावलंय. तेव्हा खरं सांगतो. मूल अजून नाही. गेल्या वर्षी टेस्ट ट्यूबचा एक प्रयत्न केला, तो लागला नाही. दोन गर्भ अजून जळगावला थंडीत ठेवलेले आहेत. त्यांना आणायचा पुढचा प्रयत्न दसऱ्यानंतर. डॉक्टरीणबाईंचं आणि तिचं बोलणं झालंय. त्यानंतर काय, तेही नवरा-बायकोनं ठरवून ठेवलंय, लागला तर काय आणि नाही लागला तर काय. पण साडेसहाची गाडी आता क्वचितच चुकते. गेल्या कानबाईला पोरगी नदीपर्यंत फुगड्या घालत गेली. भुसावळची पोर, आमच्या गावच्या बायकांना दमवलं तिनं. आणि हळदी-कुंकवाचं ताट? आता प्रमिलाच ते वहिनीच्या हातातून घेते आणि पहिलं दिपमालासमोर धरते.

हे सगळं, बायकोला पत्ता नाही यासकट, मी परवा शनिवारी ओसरीवर सांगत होतो. पुन्हा कानबाईचे गहू निवडणं चाललं होतं. बेबावहिनीच्या धाकट्या मुलाची, कुंदनची, नवी नवरी पुनम शेजारी बसली होती. पोटाशी गरम पाण्याची पिशवी, वरून पदर. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही आबा. बायकांचं असतं ते." म्हणून तर गोष्ट काढली. दिपमाला तिच्याजवळ बसून जळगावचा नंबर मोबाइलवर शोधत होती. प्रमिला शेजारी सूप आणायला गेलेली होती, म्हणून मीही मोकळा होतो.

पुनम म्हणाली, "पण आबा, म्हैस सुटली तेव्हा तुम्ही सगळ्यांच्या पुढे दारात होता ना? मग आठवी मूठ टाकली कधी?"

"अगं, तीच तर गंमत!" मी म्हणालो. "ड्रायव्हरचा हात. पाय दारात, डोळे म्हशीवर आणि हात मागे पाटीत. घाटात आम्ही असंच करायचो. एका हातानं वळण, दुसऱ्या हातानं तंबाखू. अलगद मूठ भरली, अलगद सोडली. प्रमिला शेजारीच बसलेली, तिला तरी कळलं का? चाळीस वर्षं संसार केला बिचारीनं, पण देवीच बोलली असं अजून समजते."

दिपमाला एकदम खाली बघायला लागली. पुनमनं तोंडाला पदर लावला. मी मागे वळून पाहिलं.

उंबऱ्यात प्रमिला उभी होती. कडेवर सूप.

"बठ्ठं खोटं शे!" ती म्हणाली. "हात दाखवा तुमचा. दाखवा पुनमला. एवढ्या फावड्याची मूठ एवढीशी पडते होय? तुम्ही म्हशीमागे ओरडत धावत होता, आणि परत येऊन आठ ढीग बघून तुम्हालाच घाम फुटला होता. ती मूठ मी टाकली." तिनं आपला हात पुढे केला, मिटला, उघडला. लहानसा हात. "आणि लेकरासाठी नाही टाकली. हिच्या नावाची टाकली. नवल व्हायच्या आधी नऊ वर्षं मीही त्याच न्हाणीत तशीच पडायचे, आणि तुम्ही पिंपळनेरला बिबटे चढवत होता. माझ्या नावाची कोणी टाकली नव्हती."